ठकीचा आकडा चौतीस

चौतीस हा आकडा ऐकल्यावर ठकीच्या आईला आधी वाटलं, मॅडमनी दुसऱ्याच कुणाची तरी फाइल उघडली असावी.

"चौतीस म्हणजे शंभरपैकी?" तिने विचारलं.

"एकशेवीसपैकी," मॅडम म्हणाल्या. "तिसापर्यंत सर्वसाधारण. एकतीस ते पन्नास सौम्य. पंचाहत्तरपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तुमच्या मुलीची चिंता सौम्य गटात येते."

मॅडम म्हणजे दवाखान्याच्या बालविभागातल्या मानसतज्ज्ञ. त्यांची खोली पूर्वी कधीतरी सामान ठेवायची असावी. एक टेबल, तीन मोठ्या खुर्च्या, खिडकीखाली दोन चिमुकल्या खुर्च्या आणि भिंतीवर पाच गोल चेहरे: पहिला हसरा, शेवटचा रडका. ठकी तेरा वर्षांची. ती बाहेर बाकावर बापाशेजारी बसली होती आणि दाराच्या फटीतून तिचा एक बूट दिसत होता. तो बूट मगापासून जागचा हलला नव्हता.

"सौम्य," ठकीची आई म्हणाली. "मॅडम, नऊ आठवडे झाले तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही."

नऊ आठवड्यांत काय काय झालं होतं ते सांगायला बसली असती तर दिवस मावळला असता. सुरुवात पोटदुखीने झाली. सकाळी सातला दुखायला लागायचं आणि साडेनऊला, म्हणजे आता शाळेला जाण्यात काही अर्थ उरला नाही असं सर्वांनी मान्य केलं की, थांबायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटाचा फोटो काढला आणि म्हणाले की इतकं छान पोट आम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. मग एका सोमवारी ठकी एक मोजा चढवून पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच. दुसरा मोजा हातात. समजावून झालं, रागावून झालं, लाडीगोडी झाली. बापाने एकदा उचलून जिन्यापर्यंत नेलं, तर पोरीने कठडा असा धरला की बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्या दिवसापासून बाप तिच्या वाटेला गेला नाही आणि विषय निघाला की, "होईल हळूहळू," एवढंच म्हणायला लागला.

मग शाळेचं पत्र आलं. गैरहजेरी फार झाली आहे. मुलीला चिंतेचा विकार असल्यास तीव्रतेचा दाखला आणावा. तीव्र असेल तर कमी तासांची सवलत मिळेल आणि वार्षिक परीक्षेला बसता येईल. नसेल तर एक तारखेपासून नियमित हजेरी, नाहीतर वर्ष वाया.

"मला तो कागद बघता येईल का?" ठकीच्या आईने विचारलं.

मॅडमनी क्षणभर विचार केला. "तिला विचारून दाखवते. तिचा कागद आहे तो."

ठकीला आत बोलावलं. तिने मान हलवून होकार दिला आणि लगेच विचारलं, "काही चुकलंय का?"

"यात चूक-बरोबर नसतं," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी नक्कीच विसाव्यांदा म्हटलं असावं.

चाळीस वाक्यं होती. प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, पुष्कळदा, सतत. अकरावं वाक्य होतं, 'शाळेत जाताना माझ्या पोटात दुखतं'. पुढे ठकीची सुबक खूण: कधीच नाही. चौदावं, 'वर्गात माझ्या छातीत धडधडतं'. कधीच नाही. बाविसावं, 'शाळेत सगळे माझ्याकडे बघतात असं वाटतं'. कधीच नाही.

ठकीच्या आईच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, कधीच नाही? कधीच नाही दुखत तुझं पोट?"

"वर लिहिलंय ना," ठकी हळू आवाजात म्हणाली आणि बोट ठेवलं. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कसं वाटलं ते लिहा. गेल्या दोन आठवड्यांत मी गेलेच नाही."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बरोबर वाचलंय तिने," त्या म्हणाल्या.

"बरोबर वाचलंय म्हणूनच सौम्य झाली का ती?"

"तुमचाही कागद आहे. तुमच्या हिशेबाने आकडा येतो एक्याण्णव. वडिलांच्या हिशेबाने सहा."

"सहा?" दारात उभा असलेला बाप म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि कामावरून तसाच आला होता. "सहा कसे होतील? मी तर सगळीकडे कधीच नाही केलं."

मॅडमनी त्याचा कागद पुढे सरकवला. दोन ठिकाणी 'सतत' होतं. एक, 'घरच्यांना सोडून राहायला नको वाटतं'. दुसरं, 'अभ्यासाची काळजी करते'.

"मग? पोरीने अभ्यासाची काळजी करायची नाही का?" बाप म्हणाला. "आणि घरच्यांबद्दल प्रेम आहे तिला. हे चांगलंच आहे की."

ठकीच्या आईने कपाळाला हात लावला. बारा वर्षांची असल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, ही पोर रात्री दप्तर चार वेळा भरून चार वेळा रिकामं करत होती, आणि तिच्या बापाच्या लेखी ते अभ्यासाची काळजी या शुभ सदरात जमा होत होतं.

शाळेच्या नमुन्यात मुलाने स्वतः भरलेलाच आकडा धरतात, असं मॅडमनी सांगितलं. आईवडिलांचे आकडे फक्त फाइलमध्ये राहतात. त्यांनी दाखला लिहिला: चौतीस, सौम्य. शिक्का मारताना त्या स्वतःही वैतागलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्या वैतागाला दाखल्यात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठकीची आई दाखला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाई सज्जन होत्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि दाखला वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"सौम्य आहे. चला, मोठी काळजी मिटली."

"बाई, ती घराबाहेर पडत नाही."

"पण आकडा तर बरा आहे. खरं सांगू का, ही मुलगी आमच्याकडची सगळ्यात शहाणी. कधी हूं नाही की चूं नाही. अशी मुलं असतील तर वर्ग चालवायला किती सोपा जातो."

"तिला हूं की चूं करता येत नाही म्हणूनच आलेय मी."

बाई ओशाळल्या. पण नमुना वरून आलेला होता, रकाना ठरलेला होता आणि पलीकडच्या टेबलावरचा कारकून पेन उघडून वाटच बघत होता. त्याने रजिस्टरमध्ये 'सौम्य' लिहिलं, त्यापुढे 'एक तारखेपासून नियमित' लिहिलं आणि शाई सुकायला हात हलवून वारा घातला. एक तारखेला अकरा दिवस होते.

घरी येऊन तिने पर्स टेबलावर आपटली.

"तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस," बाप म्हणाला. "पुन्हा भरू दे की कागद. या वेळी नीट सांग तिला. कुठे काय लिहायचं ते."

एरवी असलं काही ऐकून ती फिस्कारली असती. पण अकरा दिवसच होते. संध्याकाळी ती ठकीच्या खोलीत गेली, पलंगावर बसली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "समजा तो कागद परत भरायचा झाला, तर अकराव्या वाक्याला पुष्कळदा लिहिता येईल. खोटं नाही ते. पूर्वी दुखायचंच ना."

ठकीने वर पाहिलं. "म्हणजे कॉपी करायची?"

"कॉपी कसली त्यात?"

"तू उत्तर सांगणार आणि मी लिहिणार. मग त्यांना कळलं तर? मग सगळाच कागद खोटा धरतील. मग तुझापण." तिचा श्वास भरभर व्हायला लागला. "आई, मी पेनाने लिहिलंय. पेन्सिलने लिहायचं होतं का? मी तीनदा विचारलं होतं त्यांना, त्या चालेल म्हणाल्या, पण चालेल म्हणजे चालतं असं नसतं ना कधी कधी?"

पुढचा अर्धा तास त्या पेन-पेन्सिलीत गेला. चाळीस खुणा करायला पोरीने सव्वा तास घेतला होता, हे आईला तेव्हा कळलं. सव्वा तास कुठल्याच चौकोनात बसत नव्हता. कागदाला कागद म्हणून घाबरण्याबद्दल चाळीस वाक्यांत एकही वाक्य नव्हतं.

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची. पंधरा वर्षं तिने लोकांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून एकामागून एक भिंगं टाकत विचारलं होतं, हे स्पष्ट की हे? त्या शुक्रवारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर आली. चष्मा नको म्हणून तिचं तोंड आधीच एवढंसं झालेलं. तक्त्याची शेवटची ओळ तिने घडाघडा म्हणून दाखवली.

"बघा, हिला सगळं दिसतं," तिची आई म्हणाली. "शाळेत उगाच फळा दिसत नाही म्हणते."

ठकीच्या आईने बटण दाबून तक्ता बदलला. मुलगी गप्प झाली. बाकावर बसल्या बसल्या तिने आधीच्या गिऱ्हाइकाच्या वेळी सगळी अक्षरं पाठ करून ठेवली होती. आता तिला तिसऱ्या ओळीच्या खाली काही वाचता येईना. ठकीच्या आईने नंबर काढला, निळी फ्रेम निवडून दिली, पोरीची समजूत काढली आणि त्या दोघी गेल्यावर तशीच स्टुलावर बसून राहिली. मग दुकानमालकांना, "पाच मिनिटं," म्हणून मागच्या खोलीत गेली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी रोज नजर मोजते. डोळे मिटायला सांगून अक्षरं दिसतात का असं आम्ही कधी विचारत नाही."

पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. "बोला," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या मुलीला ज्याची भीती वाटते ते तिच्यासमोर नाहीच. नऊ आठवडे ती घरात आहे. आता तिला विचारलं भीती वाटते का, तर ती काय सांगणार? तिला शाळेसमोर उभं करून मोजा. मग बघू सौम्य येते का."

मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी या. तिलाही आणा. आणि ऐका, तो नमुना मी केलेला नाही. रोज एकोणीस मुलं बघते मी. मलाही तो दाताखालच्या खड्यासारखा लागतो."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नमुन्याचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे बारीक अक्षरांत 'जोडपत्र: प्रत्यक्ष निरीक्षण' होतं. मुलाला भीतीच्या जागी टप्प्याटप्प्याने न्यायचं, प्रत्येक टप्प्याला शून्य ते दहा यांतला आकडा त्याच्याकडून घ्यायचा आणि तपासणाऱ्याने जे दिसेल ते लिहायचं. चार वर्षांत एकदाही कुणी ते पान भरलं नव्हतं, कारण त्याला अर्धा दिवस लागायचा आणि अर्धा दिवस कुणाकडेच नसायचा.

"पण हे तिला कबूल असेल तरच," मॅडम म्हणाल्या. "आणि ती म्हणेल तिथे थांबायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, आता आलोच आहोत तर असं म्हणायचं नाही. कळलं ना?" हे त्या आईकडे बघून म्हणाल्या.

ठकीने विचारलं, "मी मधूनच परत फिरले तर नापास?"

"यात नापास नाही."

"मग मोजता कशाला?"

मॅडमना हसू आलं. त्या खोलीत त्या हसल्याचं ठकीच्या आईने पहिल्यांदाच पाहिलं. "तुला कुठे किती जड जातंय ते कळावं म्हणून. म्हणजे तिथे हात लावता येईल."

ठकीने दोन दिवस विचार केला. मंगळवारी जेवताना तिने ताटाकडे बघत, "चालेल," असं सांगितलं.

बुधवारी सकाळी दहाला चौघं निघाले. बाप अर्धी रजा टाकून आला होता, कामाच्या कपड्यांत, खांद्यावर अवजारांची पिशवी. येऊ नका असं त्याला ठकीच्या आईने दोनदा सांगून पाहिलं होतं. ठकी म्हणाली, बाबा आला तरी चालेल. मॅडमच्या हातात फळीला लावलेला कागद होता.

घराच्या दारात ठकी म्हणाली, "दोन." बसथांब्याच्या कोपऱ्यावर, "तीन." वह्या-पेन्सिलींच्या दुकानाशी, जिथून शाळेची पिवळी भिंत दिसायची, तिथे ती थांबली आणि बराच वेळ विचार करून म्हणाली, "साडेपाच लिहिता येतं का?"

"येतं."

भिंतीच्या कडेने चालताना तिने आईचा हात धरला. हात बर्फासारखा गार आणि ओला होता. "सात," ती न विचारताच म्हणाली. आतून कुठल्यातरी वर्गाचा एका सुरातला आवाज येत होता. फाटकाशी पोचल्यावर पोरीचे पाय थबकले. चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. मॅडम थांबल्या. ठकीच्या आईच्या जिभेवर, "आता आलोच आहोत तर," हे शब्द अक्षरशः येऊन उभे राहिले होते. तिने ते गिळले.

ठकीने दोन्ही हातांची बोटं दाखवली. नऊ.

बापाने आधी त्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याजवळ उडणाऱ्या शिरेकडे. पिशवी त्याने जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. लिफ्ट अडकली की आतल्या माणसांशी तो याच आवाजात बोलत असावा. "घाई नाही. इथेच उभे राहू. तुला नेमकं कशाचं वाटतं गं? आत काय असतं?"

तीन-चार मिनिटं गेली. एक सायकलवाला जाऊन आला. मग ठकी म्हणाली, "हजेरी."

"हजेरी?"

"माझा नंबर सत्तावीस. बाई एकापासून सुरू करतात. सव्वीस जण होईपर्यंत मी मनात हजर, हजर म्हणत बसते. माझं नाव आलं आणि आवाज फुटला नाही तर? एकदा तसं झालं. मी म्हटलं, पण ऐकू गेलं नाही. बाईंनी वर पाहिलंच नाही आणि गैरहजर लावली. मग मी दिवसभर वर्गात होते आणि गैरहजर होते. मला वाटलं, आता कुणी पकडलं तर? मी नाहीच तर मग मी इथे कशी बसलेय?"

हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि फाटकाच्या कडेला जाऊन ओकली. आईने पाठ चोळली, बापाने पाण्याची बाटली उघडून दिली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि फळी उलटी करून काखेत धरली.

"आज एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "फार झालं खरं तर."

परतताना ठकीची आई मॅडमबरोबर चार पावलं मागे राहिली. "हजेरीमुळे झालं हे सगळं? एका हजरमुळे?"

"एकच कारण धरून बसू नका. तिचा स्वभाव आहे, वय आहे, वर्षभर आत साठत आलेलं आहे. पण हात लावायला जागा मिळाली."

"चाळीस वाक्यं आहेत तुमच्या कागदात. हजेरी एकातही नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि आणखी चाळीस घातली तरी आली नसती."

नवा दाखला शुक्रवारी मिळाला. प्रत्यक्ष निरीक्षणानुसार तीव्र. ठकीच्या आईला तो शब्द वाचून एकदम हायसं वाटलं, एखादी परीक्षा पास झाल्यासारखं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. बापाने दाखला हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "माझा सहाचा कागद फाइलमधून काढता येईल का?" त्याने विचारलं. तिने त्याच्याकडे बघितलं, बोलण्यासारखं बरंच होतं, पण ती, "राहू दे आता," एवढंच म्हणाली.

शाळेत कारकुनाने अडचण काढली. रकान्यात आकडा एकच मावतो आणि तो चौतीस आधीच लिहिलेला आहे. जोडपत्राचा आकडा लिहायला जागाच नाही, शिवाय खाडाखोड चालत नाही. मुख्याध्यापिका बाई उठून त्याच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी मॅडमकडून हजेरीची गोष्ट ऐकली होती आणि त्या दिवसापासून त्यांचा चेहरा जरा उतरलेलाच होता. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, 'सौम्य'वर एक आडवी रेघ मारली, वर 'तीव्र' लिहिलं आणि सही केली.

"हिच्या एकावन्न गैरहजेऱ्यांतली एक खोटी आहे," ठकीची आई म्हणाली. "त्या दिवशी ती वर्गात होती."

"तारीख?" कारकुनाने विचारलं.

ठकीला तारीख पाठ होती. पण त्या महिन्याचा हिशेब वर गेलेला असल्यामुळे आता बदल होऊ शकत नाही, असं त्याने सांगितलं.

सवलत मात्र सुरू झाली. पहिल्या आठवड्यात फक्त चित्रकलेचा तास. मॅडमनी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली, त्याप्रमाणे हजेरीला ठकीने हात वर करायचा, बोलायचं नाही. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं बसली आणि बाहेर आली. आई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेलीच होती. दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत. तिसऱ्या दिवशी पूर्ण तास. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा एक मोजा पायात, एक हातात, आणि सव्वा तास सगळं घर त्या मोज्याभोवती घिरट्या घालत राहिलं. असं महिनाभर चाललं. दुकानमालक म्हणाले, तुम्ही येण्याची वेळ एकदा मलाही कळवत जा. ठकीची आई म्हणाली, मला कळली की कळवते.

सहा आठवड्यांनी नमुन्याच्या नियमाप्रमाणे कागद पुन्हा भरायचा होता. तोपर्यंत ठकी रोजचे तीन तास शाळेत बसू लागली होती. आठवड्यातून एखादा दिवस चुकायचा. तिने कागद पेन्सिलने भरला, पन्नास मिनिटांत. मॅडमनी बेरीज केली आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"अठ्ठावन्न."

"काय?" आईबाप एकदम म्हणाले.

"चौतीसवरून अठ्ठावन्न?" बाप म्हणाला. "इलाज सुरू केल्यावर वाढलं?"

मॅडमनी कागद फिरवून दाखवला. अकरावं वाक्य: पुष्कळदा. चौदावं: पुष्कळदा. बाविसावं: सतत.

"गेल्या दोन आठवड्यांत मी जात होते ना," ठकीने समजावून सांगितलं. आपल्या आईबापाला कागद वाचता येत नाही याचा तिला थोडा कंटाळा आलेला दिसत होता.

"ती आता तिथे जाऊन घाबरते," मॅडम म्हणाल्या. "पूर्वी घरी बसून कागदावर शांत होती. दोन-तीन महिने हा आकडा असाच राहील, मग उतरायला लागेल. बहुतेक."

शाळेच्या रजिस्टरला मात्र 'बहुतेक' समजत नव्हतं. कारकुनाने मागचा आकडा चौतीस, आताचा अठ्ठावन्न असं लिहून पुढच्या रकान्यात 'वाढ' लिहिलं. वाढ असल्यास पालकांचा लेखी खुलासा लागतो. ठकीच्या आईने तिथेच उभ्या उभ्या कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'मुलगी आता शाळेत येते. म्हणून आकडा वाढला आहे.'

कारकुनाने वाचलं. "एवढंच? निदान दहा ओळी पाहिजेत."

"दहा ओळी?"

"बाकीचे पालक पानभर देतात."

ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर दहा ओळींचा खुलासा लिहायला बसली. तीन ओळींनंतर गाडी अडली. बापाने दोन ओळी सांगितल्या, त्यांतली एक लिफ्टच्या तपासणी अहवालातली होती हे तिने ओळखलं आणि ती खोडली. ठकी येऊन शेजारी उभी राहिली, वाचून म्हणाली, "'तीव्रता'तली वेलांटी चुकलीय," आणि खोडरबर आणायला गेली. शेवटी नऊ ओळी झाल्या. दहाव्या ओळीत तिने 'कळावे' लिहून सही केली.

शनिवारी कारकुनाने खुलासा टाचणीने लावून घेतला आणि आठवड्याची हजेरी वाचून दाखवली. पाच दिवसांपैकी तीन.

"साडेतीन," ठकीची आई म्हणाली. "गुरुवारी तीनपैकी दीड तास बसली होती ती. तुमच्यासमोरूनच गेली."

"मी पाहिलं. पण अर्धा दिवस धरत नाहीत."

ती त्या रजिस्टरकडे बघत राहिली. भांडायला तोंड उघडलं होतं, पण घड्याळात दहा वाजून गेले होते आणि दुकानात पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं असणार. "सोमवारी मी पुन्हा येते, हे बोलायला," असं त्याला बजावून ती जिना उतरली.